मोड आलेली मटकी कच्ची खाऊ की नको? आणि तुमच्या घरी काय काय कच्चं चालत नाही?

मनवा_ठाणे:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मोड आलेले मूग नाहीतर मटकी, त्यात कांदा टोमॅटो काकडी, वरून लिंबू आणि चाट मसाला असा डबा मी गेली दोन वर्षं ऑफिसला नेते. डाएटिशियननेच सांगितलं होतं की कच्चंच खा, शिजवलं की सगळं सत्त्व जातं. सासूबाईंना हे पहिल्यापासून पटत नाही. त्यांचं म्हणणं, कडधान्य शिजवूनच खायचं, निदान वाफवून तरी घे. मी हो आई म्हणायचे आणि डबा तसाच भरायचे.

गेल्या महिन्यात पाऊस सुरू झाला तेव्हा माझ्या सहा वर्षांच्या मुलाने माझ्या डब्यातलं ते सॅलड दोन दिवस हट्टाने खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, ताप, दोन रात्री सलाईन. डॉक्टरांनी विचारलं बाहेरचं काही खाल्लं होतं का, आम्ही नाही म्हणालो, कारण बाहेरचं खरंच काही नव्हतं. मटकीमुळेच झालं असं मी म्हणत नाही, शाळेतलं पाणीही असू शकतं. पण सासूबाईंनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिल्या, आणि ते मला जास्त लागलं.

त्यानंतर मी त्यांचं स्वयंपाकघर नीट बघायला लागले. अळू चिरायच्या आधी हाताला तेल लावतात. दुधी चिरला की पहिला तुकडा स्वतः चाखतात. राजमा भिजवलेलं पाणी ओतून देतात, काहीही झालं तरी. का म्हणून विचारलं तर उत्तर एकच, आमची आई करायची. मला आता खरंच कारणं हवी आहेत. यातलं काय खरं, काय नुसती सवय? तुमच्या घरी काय कच्चं खात नाहीत आणि का, जरा सविस्तर लिहाल का?

गुहागरकर:
मनवाताई, मुलगा आता बरा आहे ना? आधी ते कळवा.

अळूचं मी सांगतो, आमच्या विहिरीच्या कडेला बारा महिने अळू असतं. अळूच्या पानात आणि देठात ऑक्झलेटचे स्फटिक असतात, सुईसारखे टोकदार, जुडग्याने असतात. कच्चं पान चावलंत तर त्या सुया जिभेत, घशात घुसतात आणि घसा असा खाजतो की पाणी पिऊनही उतरत नाही, ओठ सुजतात. लहानपणी चुलतभावाने पैजेवर अळूचा देठ चावला होता, काकूने आमसूल चोखायला दिलं, तरी संध्याकाळपर्यंत त्याला धड बोलता येत नव्हतं. सुरणाचं तेच, नुसता सोलताना हात खाजतात, म्हणून तेल. आणि म्हणूनच तुम्ही कुठल्याही घरात बघा, अळू आंबटाशिवाय होत नाही. आमच्याकडे आमसूल, घाटावर चिंच, कुणी फदफद्यात आंबट चुका घालतं, पण आंबट पाहिजेच. चवीला चांगलं लागतं हे खरं, पण मूळ कारण खाज मारायची हे आहे, आणि घाईत अर्धवट शिजवलेलं अळू चिंच घालूनसुद्धा घसा धरतं, तेव्हा मऊ शिजणं पहिलं.

दुसरं काजू. शहरात पाकिटावर कच्चे काजू लिहिलेलं असतं ते खरं तर कच्चे नसतातच, टरफलासकट वाफवलेले नाहीतर भाजलेले असतात, मग फोडतात. काजूच्या टरफलात एक तेल असतं ते कातडीला लागलं की बिब्बा उततो तसं उततं, फोड येतात, कातडी सोलून निघते. काजू, बिब्बा, आंबा हे सगळं एकाच कुळातलं, कैरीचा चीक ओठाला लागला की फोड येतात ते आठवा. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर तुम्ही बाजारात शेकड्यावर घेता ना, ते सोलणाऱ्या बायकांचे हात एकदा बघा. माझी आई राख लावून सोलायची, तरी सीझन संपेपर्यंत बोटांची टोकं काळी पडून सोलवटून निघायची. गर महाग का म्हणून घासाघीस करणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो.

फणसाच्या आठळ्याही कच्च्या खात नाहीत, उकडून नाहीतर चुलीत भाजून. कच्ची आठळी पोटाला जड, पोट दुखतं.

मनवा_ठाणे:
हो दादा, आता अगदी ठणठणीत आहे, शाळेत जातोय. काजूचं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

डोंबिवलीची_शुभदा:
अळूचा विषय निघालाय तर शेवळं कशी विसरलात? ठाणे, कल्याण, वसई, पनवेल पट्ट्यातल्यांना माहीत असेल, पहिला पाऊस पडला की आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात आणि सोबत छोटी हिरवी आंबट फळं, ती काकडं. सुरणाच्याच जातीचं आहे शेवळं, त्यामुळे खाज तीच. आतला दाणेदार पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून शिजवायचं आणि काकडं ठेचून त्याचा रस घालायचा. विकणाऱ्या मावशी काकडं घेतल्याशिवाय शेवळं देत नाहीत, मला एकीने स्पष्ट सांगितलं होतं की नुसती नेऊ नको बाई, घसा धरेल आणि मग माझ्या नावाने बोलशील. माझी सासू सीकेपी, त्यांच्याकडे यात कोलंबी घालतात, मी तर वर्षभर वाट बघते.

कडूकंदाचंही असंच आहे, जंगलातला. तो कच्चा कुणी खातच नाही, कडवट जहर. आदिवासी तो राख घालून उकडतात, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे खाता येतो. ज्यांच्याकडे खायला कमी होतं त्यांनी हे एवढं सगळं शोधून काढलं, मला त्याचं फार मोल वाटतं.

प्राजक्ता_नाशिक:
मनवा, मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते, जरा लांबेल.

तुझ्या सासूबाई बरोबर आहेत. अगं, मोड आणायला आपण काय करतो, कडधान्य भिजवतो, ओल्या फडक्यात बांधतो, उबदार जागी दीड-दोन दिवस ठेवतो. ओल, ऊब, वेळ आणि खायला स्टार्च, बॅक्टेरिया वाढवायला आम्ही लॅबमध्ये जे करतो तेच हे. दाण्यावर शेतातून आलेले चार जंतू असले, शेणखताचे म्हण, उंदराच्या लेंड्यांचे म्हण, तर दोन दिवसांत त्यांचे लाखो होतात. आणि ते दाण्याच्या सालीच्या बारीक भेगांत बसलेले असतात, नुसतं धुऊन निघत नाहीत. तू घरी कितीही स्वच्छ केलंस तरी दाणाच तसा आला असेल तर तुझ्या हातात काही राहत नाही.

२०११ साली जर्मनीत काय झालं ते वाचून बघ. मे महिन्यात हॅम्बुर्गच्या आसपास लोक रक्ताचे जुलाब होऊन दवाखान्यात यायला लागले, किडन्या फेल व्हायला लागल्या. आधी स्पेनच्या काकड्यांवर खापर फुटलं, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि शेवटी निघालं काय तर मोड आलेल्या मेथ्या. इजिप्तहून आलेले मेथीदाणे, एका फार्मवर त्यांना मोड आणलेले, लोकांनी सॅलडमध्ये कच्चे खाल्ले. ई. कोलाय नावाच्या जंतूचा एक भयंकर प्रकार होता. साडेतीन हजारांवर लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त गेले, आणि आजारी पडलेल्यांत धडधाकट तरुण बायका बऱ्याच होत्या ज्या तब्येतीची काळजी म्हणून सॅलड खात होत्या. दरवर्षी वर्गात हे शिकवते आणि दरवर्षी मला वाईट वाटतं.

सत्त्व जातं म्हणतात त्याचं असं आहे की वाफवल्यावर सी व्हिटॅमिन थोडं कमी होतं, हे खरं. पण तू लिंबू पिळतेसच ना वरून? आणि कच्च्या कडधान्यात प्रोटीन पचू न देणारे काही घटक असतात, ते उष्णतेने मोडतात, म्हणजे वाफवलेल्या मटकीचं प्रोटीन अंगाला जास्त लागतं. तेव्हा प्रोटीनसाठी खात असशील तर वाफवणंच फायद्याचं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, केमो वगैरे चालू असलेले, यांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

कोबीचंही लिहिते, कारण कोबीतली अळी डोक्यात जाते हे प्रत्येक घरात ऐकू येतं. कोबीत दिसते ती हिरवी अळी फुलपाखराची नाहीतर पतंगाची असते, ती शिजून पोटात गेली तरी काही होत नाही. डोक्यात जातो तो टेपवर्म, म्हणजे डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणारा चपटा जंत, त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ती माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात येतात. सांडपाण्यावर वाढवलेली भाजी कच्ची खाल्ली तर पोटात जाऊ शकतात, तिथे त्यांतून निघालेल्या बारीक अळ्या रक्तातून मेंदूत जातात, आणि फिट्स येतात. आपल्याकडे मोठेपणी अचानक फिट सुरू होण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. आणि हे डुक्कर न खाणाऱ्यालाही होतं, शुद्ध शाकाहारी माणसालाही होतं, कारण आजार अंड्यांतून येतो. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की झालं असं समजू नका, त्याने अंडी मरत नाहीत. पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची आणि शिजवायची. कोथिंबिरीकडेही लक्ष द्या, ती तर आपण सगळ्यावर कच्चीच भुरभुरतो.

अनया_पुणे:
प्राजक्ताताई, मग चैत्रातली आंबेडाळ? हरभऱ्याची डाळ कच्चीच वाटतो की आपण. आणि कोशिंबिरी? सगळंच शिजवायचं म्हटलं तर जेवणाची मजाच गेली. मला हे सगळं वाचून भीती वाटायला लागलीय, आणि घाबरून खाणं हेही बरोबर नाही ना.

प्राजक्ता_नाशिक:
अनया, तू बरोबर बोललीस. आंबेडाळ मी स्वतः करते आणि हळदीकुंकवाला सगळ्यांना देते. फरक वेळेचा आहे, डाळ चार तास भिजते, दोन दिवस नाही, वर कैरीचा आंबटपणा. त्याच दिवशी संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये. पोटात गॅस होतो तो डाळीतल्या न पचणाऱ्या साखरेचा, म्हणून भिजवलेलं पाणी काढून टाकायचं आणि हिंगाची फोडणी सढळ घालायची. काकडी, गाजर, मुळा, बीट खुशाल खा, सोलून धुऊन. मी कच्चं बंद करा म्हणत नाहीये, प्रत्येक वस्तूचं कारण वेगळं आहे ते ओळखा म्हणतेय.

अटलांटावासी:
राजम्याचं मी लिहितो, कारण हे माझ्याकडून घडलंय आणि माझ्यामुळे माणसं आजारी पडलीयत. सात-आठ वर्षांपूर्वी ऑफिसात पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, मी लाल राजमा करायचं कबूल केलं. प्रेशर कुकर तेव्हा नव्हता, स्लो कुकर होता, त्यात भिजवलेला राजमा, त्याच पाण्यासकट, मसाला घालून रात्रभर लो वर लावून झोपलो. सकाळी बऱ्यापैकी मऊ वाटला, वास छान. दुपारी जेवलो आणि दोन तासांच्या आत मी आणि अजून चौघं बाथरूममध्ये, नुसत्या उलट्या. एका मुलीला इमर्जन्सीत न्यावं लागलं. सगळ्यांना वाटलं मसाल्यामुळे, इंडियन फूडमुळे, आणि मला ते फार लागलं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की लाल राजम्यात एक विषारी प्रोटीन (लेक्टिन) असतं, फायटोहीमॅग्लुटिनिन, आणि चार-पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात. ते उकळल्यावर मोडतं, पण खळखळून उकळायला लागतं. स्लो कुकर तेवढा तापतच नाही, आणि ऐंशी डिग्रीला वगैरे अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त वाईट ठरू शकतो. इथलं, म्हणजे अमेरिकेचं, अन्न-औषध खातं एफडीए सांगतं की किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात तीस मिनिटं उकळा. भारतात आपण कुकरला पाच-सहा शिट्ट्या देतो म्हणून हा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच आपल्याला कुणी सांगतही नाही. परदेशी शिकायला येणारी मुलं कुकर न आणता येतात आणि इथे स्लो कुकर घेतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. टिनच्या डब्यात विकत मिळतो तो राजमा शिजलेला असतो, तो चालतो. मनवा, तुमच्या सासूबाई पाणी ओतून देतात ना, त्यांना माझा नमस्कार सांगा.

रांगडा_कोल्हापुरी:
सगळं मान्य पण दुधाचं काय? आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लासात देतात, लोक तिथंच उभं राहून पितात. माझे आजोबा तालमीत होते, रोज धारोष्ण दूध, गेले ते नव्वदीत. आम्ही भाऊ पण त्याच दुधावर वाढलो. तापवलं की त्यातला दम जातो असं आजोबा म्हणायचे. त्यामुळं कच्चं दूध वाईट हे मला पटत नाही, म्हैस निरोगी असली की झालं.

पशुवैद्य_सांगली:
दादा, तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो. म्हैस निरोगी असली की झालं म्हणताय, पण ती निरोगी आहे हे कळणार कसं? ब्रुसेलोसिस नावाचा आजार आहे, जनावर वरून अगदी टकाटक दिसतं, खातं पितं, दूध देतं, फक्त कधीतरी सातव्या-आठव्या महिन्यात गाभडतं. त्याच्या दुधातून जंतू येत राहतात. टीबीचं पण तसंच.

मला स्वतःला ब्रुसेला झालाय. दुधातून नाही, गोठ्यात एका गाभडलेल्या गायीचा वार हातमोजे न घालता काढला होता, नोकरीच्या सुरुवातीला. दोन महिने ताप येत-जात होता, संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने गादी भिजायची, कंबर आणि सांधे एवढे दुखायचे की गाडीला किक मारता येत नव्हती. टायफॉइड म्हणून औषधं झाली, मलेरिया म्हणून झाली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं धंदा काय करता, आणि तिथं निदान लागलं. सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक. आज पावसाळ्यात कंबर धरते ती तेव्हापासून.

सरकार आता चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस देतं, २०१९ पासून देशभर कार्यक्रम आहे, गोठा असेल तर ती चुकवू नका, आयुष्यात एकदाच द्यायची असते. आणि दूध उकळा. डेअरीत बहात्तर डिग्रीला पंधरा सेकंद तापवतात तेवढ्याने हे जंतू मरतात, तुम्ही घरी एक उकळी आणलीत तर काम झालं. दम जात नाही दुधातला, प्रोटीन तेच, कॅल्शियम तेच. चिकाचा खरवस पण आपण वाफवूनच खातो की.

रांगडा_कोल्हापुरी:
डॉक्टर, एवढं माहीत नव्हतं. वडील कट्टा सोडायचे नाहीत पण घरात लहान पोरं आहेत त्यांचं दूध उद्यापासून उकळूनच. आमच्या दोन पारड्या आहेत, लसीचं विचारतो दवाखान्यात.

सरिता_के:
दुधीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, हात थरथरतो आहे हे आठवताना. माझे बाबा अडुसष्ट वर्षांचे, रोज सकाळी फिरायला जातात, तिथल्या मंडळींनी सांगितलं की कच्च्या दुधीचा रस घ्या, बीपी आणि शुगरला चांगला. महिनाभर छान चाललं. एक दिवस रस कडू लागला, कडू म्हणजे कारल्यासारखा नाही, जीभ आत ओढली जाईल असा. बाबांना वाटलं औषध कडूच असतं, पूर्ण ग्लास संपवला. अर्ध्या तासात उलट्या, मग उलटीतून रक्त, बीपी साठवर, आम्ही पोचेपर्यंत बाबा अर्धवट शुद्धीत होते. पहिल्या दवाखान्यात आम्ही दुधीचा रस सांगितला तर कुणी मनावरच घेतलं नाही, भाजीने काय होतं म्हणाले. दुसरीकडे हलवलं तिथल्या डॉक्टरांना माहीत होतं. यावर उतारा असं औषध नाही, फक्त सलाईन आणि बीपी सांभाळणं. पाच दिवस आयसीयू. वाचले.

दुधी, काकडी, दोडका, पडवळ या सगळ्या वेलींत कुकरबिटासिन नावाचं विष असतं, एरवी नगण्य, पण एखाद्या फळात ते खूप वाढतं आणि मग ते फळ कडू होतं. बाहेरून काहीच कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असाच रस पिऊन गेले, त्यानंतर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने तज्ज्ञांची समिती नेमली होती, तिनेही हेच सांगितलं की रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या. २०१८ मध्ये पुण्यातही एक बाई गेल्या.

आणि कृपा करून हे नीट वाचा, हे विष शिजवूनही जात नाही. कडू दुधीची भाजी करून, गूळ घालून खाऊ नका. पैसे गेले तर जाऊ देत. मनवा, तुमच्या सासूबाई पहिला तुकडा चाखतात ते सगळ्यांनी करा, दुधीला आणि काकडीलाही. नखाएवढा तुकडा, जिभेवर ठेवायचा, कडू लागला तर थुंकायचा.

प्राजक्ता_नाशिक:
सरिताताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. बाबांना सांभाळा. हिरव्या पडलेल्या बटाट्याचं पण असंच आहे, त्यातलं सोलॅनिन नावाचं विष उकडून जात नाही. थोडं हिरवं असेल तर जाड साल काढून तेवढा भाग कापून टाका, बराच हिरवा किंवा कोंभांनी भरलेला असेल तर सरळ टाका.

सातारकरीण:
मला थोडं वेगळं विचारायचं/सांगायचं आहे. माझी मुलगी नववीत असताना तांदळाच्या डब्यातून कच्चे तांदूळ खायची. आधी चिमूटभर, मग खिशात भरून शाळेत न्यायला लागली. आजी म्हणायची नको खाऊ, लग्नात पाऊस पडेल, आम्ही सगळे लहानपणी हे ऐकलंय आणि सगळ्यांनी थोडे थोडे खाल्लेतही, म्हणून मी पण रागवायचे आणि विसरून जायचे. सहा महिन्यांनी ती जिना चढताना धापा टाकायला लागली, चेहरा पांढराफटक. तपासलं तर हिमोग्लोबिन सात पॉइंट काहीतरी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ही माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खाते का? मला रडूच आलं तिथे. अंगातलं लोह कमी झालं की अशी वखवख लागते म्हणे, आणि मुलींना पाळी सुरू झाली की लोह कमी होतंच. जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तीन-चार आठवड्यांत तिने तांदळाच्या डब्याला हात लावणं आपोआप सोडलं, मी एकदाही ओरडले नाही. तर तुमच्या घरात कुणी मुलगी किंवा गरोदर बाई कच्चे तांदूळ खात असेल तर तिला रागावू नका, तिचं रक्त तपासा.

गुहागरकर:
ताई, माझी भाची अगदी हेच करते. आजच बहिणीला फोन करतो.

मनवा_ठाणे:
काय लिहू कळत नाहीये, सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत. काल रात्री मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. दुधीचं ऐकताना त्यांनी माझा हात धरला. राजम्याच्या पाण्याचं ऐकल्यावर म्हणाल्या, बघ, आई उगाच नव्हती सांगत. मी त्यांना सॉरी म्हणाले, दोन वर्षं उशिरा.

प्राजक्ताताई, मटकी किती वेळ वाफवायची? लगदा होऊ नये म्हणून विचारतेय, डबा तर न्यायचाच आहे. आणि शुभदाताई, आम्ही मागच्या वर्षी शेवळं आणली होती पण काकडं संपली होती त्या मावशींकडची, चिंचेवर केली तर घसा जरा धरलाच.

प्राजक्ता_नाशिक:
मोदकपात्रात किंवा चाळणीवर, पाणी उकळल्यावर सात-आठ मिनिटं, मधला दाणा काढून बघ, पार आतपर्यंत चटका बसण्याइतका गरम झाला पाहिजे. दाणा अख्खा राहतो. गार झाल्यावर कांदा टोमॅटो घाल, लिंबू जेवायच्या वेळी पिळ. मोड आलेली मटकी लगेच वापरणार नसशील तर फ्रीजमध्ये, बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर बिनदिक्कत टाकून दे.

डोंबिवलीची_शुभदा:
मनवा, चिंच चालते पण मग जास्त घालावी लागते आणि आतला पिवळा भाग अजिबात राहता कामा नये, तो राहिला असेल. यंदाचा सीझन संपला आता. मी जूनमध्ये काकडं जास्त घेऊन ठेचून फ्रीजरमध्ये ठेवलीत, दोन डबे आहेत. पुढच्या वर्षी नुसती शेवळं मिळाली तर कळव, ठाण्यापर्यंत आणून देईन.